सेलचा भाव आणि आपला भाव

गेल्या वर्षी १५ ऑगस्ट शुक्रवारी आला होता. शाळेतले झेंडावंदन आटोपून, मुलांना खाऊ वाटून मी घरी पोहोचले तर आपाची मुलगी दारातच उभी. हातात छत्री, खांद्याला पर्स. "खाला, कपडे बदलू नका, अशाच चला. रविवारपर्यंतच आहे सेल."

जून महिन्यात तिला अंबडच्या एका कंपनीत हिशेबाच्या कामावर नोकरी लागली. आमच्या खानदानात शिक्षिका झाल्या, एक नर्स झाली, पण कारखान्याच्या ऑफिसात जाणारी ही पहिलीच. दूल्हाभाईंनी परवानगी दिली ती "एक वर्ष बघू" अशी. मुलगी हुशार आहे, तिला या 'बघू'चा अर्थ चांगला कळतो. तिच्याकडे बाहेर घालण्याजोगे तीन ड्रेस होते. आलटून पालटून तेच. एक दिवस बाजूच्या टेबलावरची मुलगी सहज म्हणाली, "आज पण हाच?" हसतच म्हणाली असेल. पण त्या दोन शब्दांनी हिची झोप उडाली. आणि घरी आपाचे वेगळेच. "कंपनीत कामाला चाललीस का वलीम्याला? आहेत ते कपडे काय फाटलेत?"

भगिनींनो, नोकरी करणाऱ्या आपल्या मुलींचे हे दुखणे मला फार जवळचे वाटते. घरातून निघताना एक नजर असते, ऑफिसात शिरताना दुसरी. दोन्हींत बसेल असा कपडा बाजारात तयार मिळत नाही, आणि सेलमध्ये तर नाहीच नाही. हे मला त्या दिवशी हिशेब मांडल्यावर कळले.

आम्ही उंटवाडीच्या मॉलमध्ये गेलो. पाऊस नाशिकचा नेहमीचा, धड पडेना धड थांबेना. सगळे शहर आत शिरले होते. कॉलेज रोडला हीच गर्दी, मेनरोडला हीच. राष्ट्रीय सणाला सेल लावण्याची ही पद्धत काही फार जुनी नाही. २६ जानेवारी २००६ ला बिग बझारने 'सबसे सस्ता दिन' लावला, तिथून ती देशभर रुळली. त्याआधी आमच्याकडे सेल म्हणजे पावसाळ्यातला कटपीसचा ढीग. अम्मी त्यातून दोन मीटर, अडीच मीटर असे तुकडे वेचून आणायची आणि आम्हा बहिणींचे कुडते एकाच छापाचे व्हायचे. सुट्टीच्या दिवशी मियाँ-बीबी दोघे घरी असतात, मुले मागे लागतात, आणि दुकानदाराला तर ऑगस्टमध्ये दिवाळीच्या मालासाठी आणि जानेवारीत उन्हाळ्याच्या मालासाठी फळ्या रिकाम्या करायच्याच असतात. म्हणजे आपल्यासमोर येतो तो बहुतेक उरलेला माल. उरलेला म्हणजे वाईट असे नाही. पण तो का उरला, एवढे विचारायला काय हरकत आहे?

भाचीने चार कुडते निवडले. 'दोनवर दोन मोफत.' मी एकेक हातात घेऊन बघितला. एकालाही बाही नव्हती. आतल्या बाजूला प्लास्टिकच्या पिशवीत बाहीचे कापड टाचलेले, तेही कोपरापर्यंतच पुरेल एवढे. बाजूचे कट कमरेच्या वरपर्यंत गेलेले. माझी नानी मालेगावची, घरात यंत्रमाग. कापड कधीही नुसते बोटांनी चाचपून घ्यायचे नाही, उजेडाकडे धरायचे, ही तिची शिकवण. मी एक कुडता ट्यूबलाइटकडे धरला तर पलीकडचा काउंटर दिसला. ओढणी कशावरच नाही. ती वेगळी घ्यायची, आणि ओढणीवर सेल नाही!

मग मी तिथल्याच एका बाकावर बसून बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब केला. (कुणाचे तरी टाकलेले बिल होते. शिक्षकांना कागद लागतोच.) छापील किंमत १५९९. निम्म्यात धरली तर ८०० रुपये. बाही लावण्याचे ६०. कट खाली घेण्याचे ४०. आतून शमीज २५०. ओढणी ३००. झाले १४५०. म्हणजे ज्या मुलीला बिनबाहीचा, बिनओढणीचा कुडता चालतो तिच्यासाठी तो ८०० चा, आणि आमच्या भाचीसाठी १४५० चा. सेलचा भाव एक आणि आपला भाव वेगळा. आणि दहीपुलाकडच्या दुकानात साधा सुती ड्रेसपीस, ओढणीसकट, मला सातशेला मिळतो. शिलाई ४००, अस्तर १००. बाराशेत मनासारखा, पूर्ण बाहीचा, अंगाला बेताचा सैल असा ड्रेस, आणि सेलची वाट बघायची गरज नाही. शिलाईवाली बाई दहा दिवस लावते आणि ईदच्या महिन्यात तर ओळखही देत नाही, ही गोष्ट निराळी.

भाचीचे तोंड उतरले. मला वाईट वाटले, पण मी पुढेही बोलत राहिले, सवयच आहे. कारण शेजारच्या रांगेत '५० टक्के + २० टक्के' अशी पाटी होती आणि ती म्हणाली, "खाला, इथे सत्तर टक्के सूट." आठवीच्या गणितात 'सूट व कमिशन' हे प्रकरण आहे, ते शिकून बीकॉम झालेली मुलगी ही. हजाराचे आधी पाचशे होतात, मग पाचशेवर २० टक्के म्हणजे शंभर जातात. उरतात चारशे. सूट साठ टक्के. मॉलच्या दिव्यांत गणित विसरायला होते, मीही विसरते. पाटीवर पन्नासचा आकडा हत्तीएवढा आणि त्यापुढचा 'पर्यंत' मुंगीएवढा, ही दुसरी खोड. आणि 'दोनवर दोन'मध्ये मोफत मिळतात ते नेहमी कमी किमतीचे दोन.

शेवटी त्या दिवशी आम्ही दोन कुडते घेतले, गडद नसलेले, जाड पोताचे. आणि भाचीने एक सँडल घेतली. ती मात्र माझे न ऐकता. पायात छान दिसत होती आणि साडेनऊशेची साडेचारशेला होती, मी तरी किती बोलणार?

विसाव्या दिवशी, सकाळी बसमधून उतरून कंपनीच्या फाटकाकडे जाताना त्या सँडलचा तळ भुगा होऊन पडला. तुटला नाही, भुगा झाला, शिळ्या केकसारखा. पावसात, रस्त्यात, हातात सँडल घेऊन ती ऑफिसात गेली आणि संध्याकाळी तशीच घरी आली. दूल्हाभाई एवढेच म्हणाले, "पगार पायात गेला वाटतं." आपा गप्प. त्या रात्री भाचीचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, पण आवाज नीट नव्हता. तिला सँडलचे दुःख नव्हते. 'बघू' चालले होते आणि बघणाऱ्यांना काहीतरी दिसले होते.

मी विचारपूस केली तेव्हा कळले की हा प्रकार नेहमीचा आहे. हलके तळ पॉलीयुरेथेनचे असतात. हवेतल्या दमटपणाने हे द्रव्य आतून विरत जाते, न वापरता खोक्यात पडून राहिले तरी. रेक्झिनच्या पर्सचे पापुद्रे निघतात तेही बहुधा याच कारणाने. म्हणून सँडल, बूट, पर्स सेलमध्ये घेताना खोक्यावरच्या चिठ्ठीवर बनवल्याचा महिना आणि वर्ष बघावे. दोन-तीन वर्षे जुना माल असेल तर कितीही स्वस्त असो, कामावर रोज घालायला घेऊ नये. ऑफिसची पर्स तर मी कापडी किंवा कॅनव्हासचीच घ्यायला सांगते. डबा, पाण्याची बाटली, छत्री आणि जानमाज, चारही मावले पाहिजेत. आतली शिवण दुहेरी आहे का आणि चेन अडकते का, हे दुकानातच चार वेळा उघडून-झाकून बघा, विक्रेती कंटाळली तरी.

रविवारी आम्ही बिल घेऊन त्या दुकानात गेलो. मॅनेजर पोरगेलासा, अदबीचा. "मॅडम, सेलचा माल परत होत नाही, बिलावर लिहिलंय." लिहिले होते खरे. मी त्याला शांतपणे सांगितले की, बाबा, माप झाले नाही किंवा रंग आवडला नाही म्हणून मी आले नाही. माल सदोष आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत तो परत घ्यायचा आणि पैसे द्यायचे. तुझ्या बिलावर मुदत नाही, नुसता नकार आहे. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर त्याच्यासमोर फिरवायला घेतला. त्याने "जरा थांबा" म्हणून आत फोन केला. रोख पैसे काही दिले नाहीत, साडेचारशेची क्रेडिट नोट दिली. कायद्याने आम्ही पैसेच मागायला हवे होते. पण भाचीला सोमवारी घालायला चप्पल हवी होती, आम्ही नोट घेतली आणि वर २०० टाकून चामड्याची साधी चप्पल आणली. ती अजून चालते आहे.

घरी येऊन मी दूल्हाभाईंना हे सांगितले. ते जुने माणूस, भद्रकालीत त्यांच्या वडिलांचे किराण्याचे दुकान होते. म्हणाले, "यात कायद्याचं नवीन काय? ऐब लपवून विकलेला माल परत करायचा हक्क शरीअतनं कधीचाच दिलाय. ख़ियारुल-ऐब म्हणतात त्याला. आमचे अब्बा तर भिजलेली साखर वेगळ्या पोत्यात ठेवून, सांगून विकायचे." मग थोडे थांबून मुलीला म्हणाले, "बिल जपून ठेवलंस, हे चांगलं केलंस." आमच्या घरात ही मोठी शाबासकी असते. मी काही बोलले नाही.

आता हे सगळे जानेवारीच्या अंकात सांगण्याचे कारण म्हणजे या वर्षी २६ जानेवारी सोमवारी येते. शनिवार-रविवार धरून तीन दिवस. मोबाइलवर संदेश सुरू झालेच आहेत. शिवाय रमज़ान फेब्रुवारीच्या मध्यानंतर लागेल, तेव्हा रोज़े ठेवून बाजारात फिरणे होत नाही, म्हणून कामाचे कपडे आत्ताच घेऊन ठेवावेत असे मीही म्हणते. पण दोन-तीन गोष्टी लक्षात असू द्या.

२२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के जीएसटी आहे. आधी हजाराच्या वर गेले की १२ टक्के लागत होता. जानेवारीच्या सेलमध्ये जुन्या छापाचे कपडे असणारच. १५९९ छापलेला कुडता नव्या कराने १४९९ चा होतो. तेव्हा सूट जुन्या आकड्यावर मोजली आहे की नव्या, ते विचारा. शंभर रुपये तर इथेच इकडचे तिकडे होतात. आणि छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. 'सरसकट ४० टक्के सूट' म्हणून जाहिरात करायची आणि कमी केलेल्या किमतीवर पुन्हा वेगळा कर लावायचा, हे चालणार नाही असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्येच सांगितले आहे. बिल काउंटरवरच वाचा, घरी नाही.

दुसरी गोष्ट उधारीची. २६ तारीख म्हणजे महिनाअखेर, पगार संपलेला. अशा वेळी 'आत्ता घ्या, नंतर द्या' आणि 'बिनव्याजी हप्ते' बरोबर समोर येतात. बिनव्याजी म्हणवणाऱ्या योजनांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली लपवलेले असते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये स्वतःच म्हटले होते. शरीअतची बाजू मौलानांना विचारा, मी त्यातली जाणकार नाही. पण हप्ता चुकला की जे लागते त्याला व्याज म्हणायला आलिम असावे लागत नाही. मोबाइलवर 'फक्त ९ मिनिटे उरली' असे उलटे घड्याळ चालू असते, त्यालाही भिऊ नका. अशी खोटी घाई करणे २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मना केलेले आहे, तरी ते चालूच असते.

शिक्षिका भगिनींसाठी एक. १५ मार्च २०२४ च्या शासन परिपत्रकाने आपल्याला साडी किंवा सलवार-कुडता-दुपट्टा सांगितला आहे. गडद रंग, भडक नक्षी, चित्रे नकोत. आता सेलच्या ढिगात तळाशी काय उरलेले असते? गडद रंग, भडक नक्षी आणि चित्रे! मी स्वतः २०२४ च्या ऑगस्टमध्ये असल्या दोन साड्या हौसेने आणल्या, त्या आज नणंदेच्या कपाटात आहेत.

परवा भाचीचा फोन होता. यादी केली आहे म्हणाली, दोनच वस्तू. एक काळी ओढणी, अडीच मीटर, पिन लावल्यावर न घसरणारी. आणि एक स्वेटर, कारण ऑफिसात एसी आहे आणि नाशिकची थंडी आहेच. "खाला, सोमवारी तुमचं झेंडावंदन. मग रविवारी सकाळी अकराच्या आत जाऊ, गर्दीच्या आधी." मी म्हटले, येते. तिने विचारले, अम्मीला पण घेऊ का, त्यांनाच यायचे आहे या वेळी. मी म्हटले, घे, पण नानीसारखे कापड उजेडाकडे धरायला लागल्या तर दुपार होईल.