पवनचक्कीचा मनोरा

पवनचक्कीचा मनोरा ही जनित्र व पाती उंचावर पेलून धरणारी संरचना होय. जमिनीवरील मोठ्या पवनचक्क्यांचे चक्र पूर्वी ८० मीटरच्या आसपास बसवले जाई; अलीकडे ते १४० ते १६० मीटरपर्यंत गेले आहे. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. सपाट प्रदेशासाठी प्रचलित असलेला १/७ घातांकाचा नियम धरल्यास ८० वरून १४० मीटरवर गेल्याने वेग सुमारे ८ टक्के, पण शक्ती सुमारे २७ टक्के वाढते.

व्यासाची अडचण

वाऱ्याच्या रेट्यामुळे मनोरा वाकवणारा ताण तळाशी सर्वाधिक असतो. पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर पोलाद दुप्पट लागते, परंतु वाकण्यास होणारा विरोध आठपट होतो. जाडी दुप्पट केल्यास तो केवळ दुप्पट होतो. म्हणून तळ रुंद करणे सर्वांत किफायतशीर. तथापि, तयार नळकांडी ट्रेलरवरून पुलांखालून न्यावी लागत असल्याने व्यास बहुधा ४.३ मीटरच्या आसपास अडतो. मनोऱ्याचा आकार वाऱ्यापेक्षा रस्त्यावरचे पूलच अधिक ठरवतात, असे म्हणता येईल.

दुसरा प्रश्न अनुस्पंदनाचा. तीन पात्यांचे चक्र मिनिटाला १० फेरे घेत असेल, तर मनोऱ्याला मिनिटाला १० व ३० अशा दोन लयींचे हादरे बसतात. त्याची नैसर्गिक वारंवारता या दोहोंपासून दूर हवी. मनोरा उंच व सडपातळ होत जातो तशी ती घटते.

संमिश्र मनोरे

यावरील एक उपाय म्हणजे खाली काँक्रीट व वर पोलाद. काँक्रीटची कडी कमानदार तुकड्यांत आणून जागेवर जोडतात आणि पोलादी तारांनी ताणून कायम दाबाखाली ठेवतात. जर्मनीतील गाइलडॉर्फ येथे २०१७ साली असे चक्र १७८ मीटरवर बसवले गेले.

मात्र २९ सप्टेंबर २०२१ रोजी जर्मनीतीलच हाल्टर्न येथे २३९ मीटर उंचीची, त्याच वर्षी उभारलेली पवनचक्की कोसळली. दोष मनोऱ्याच्या काँक्रीटच्या भागात आढळला व त्याच प्रकारचे इतर मनोरेही नंतर पाडण्यात आले. तुकड्यांचे सांधे, काँक्रीटचा दर्जा व तारांमधील ताण यांची तपासणी आकडेमोडीइतकीच निर्णायक ठरते.

महाराष्ट्र

सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे व चाळकेवाडी पठारांवरील जुन्या, लहान यंत्रांच्या जागी मोठी यंत्रे बसवण्याचा प्रश्न आता पुढे आला आहे. यासाठीचे केंद्रीय धोरण २०१६ साली आले होते; २०२३ साली त्याच्या जागी नवे धोरण आले. परंतु डोंगरमाथ्यावर वारा तळाशीच वेग घेत असल्याने उंचीचा लाभ सपाटीइतका मिळेलच असे नाही, आणि लांब पाती घाटाच्या वळणांवरून न्यावी लागतात.