संध्याकाळ कुणाची?

गेल्या डिसेंबरात भंडारदऱ्याला आमच्या गटाचं तीन दिवसांचं शिबिर होतं. विषय होता वनहक्क आणि बायकांच्या नावावरची जमीन. शेवटच्या दिवशी दुपारी सत्रं संपली आणि कुणीतरी म्हणालं, इतक्या लांब आलो आहोत तर संध्याकाळची जीपची फेरी करू या. शेंडी गावातून अशा गाड्या मिळतात. धरणाच्या जलाशयाला वळसा घालत रतनवाडी, साम्रद करून सूर्य बुडायच्या वेळी घाटघरच्या कोकणकड्यावर पोचवायचं, अंधार पडल्यावर परत आणायचं आणि वाटेत गाडीवाल्याच्या घरी जेवण, असा बेत असतो. थोडी खळखळ झाली. शिबिराला येऊन मौज करायची का, असं एकीला वाटलं. दुसरी म्हणाली, "हे काही अहवालात लिहिता येणार नाही." शेवटी आपापल्या पर्समधून पैसे काढून आम्ही अकराजणी दोन गाड्यांत बसलो.

अहवालात लिहिता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

रतनवाडीला अमृतेश्वराचं शिलाहारकालीन देऊळ आहे, मागे रतनगड. तिथून पुढे पक्का रस्ता सोडून गाडी सड्यावर चढली. दगडगोट्यांतून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत जाणारी जीप, एकमेकींच्या अंगावर आदळणाऱ्या आम्ही, आणि आमचं ओरडणं. पन्नाशीच्या एका कार्यकर्तीला मी इतक्या वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. साम्रदजवळ सांदणच्या तोंडाशी उतरलो. भुईला चीर पडावी तशी ती घळ. दोन्ही बाजूंना ताठ उभे कातळ आणि मधल्या पट्टीत दिवसातून थोडाच वेळ उतरणारं ऊन. आमचा वाटाड्या पंचविशीतला मुलगा, गाडीही तोच चालवत होता. कारवी सात वर्षांनी कशी फुलते, पावसाआधी काजवे कुठल्या झाडांवर येतात, हे तो छान सांगत होता. गाडी जुन्या बैलगाडीच्या वाटेबाहेर तो घालत नव्हता. म्हणाला, "सड्यावरची माती चाकानं एकदा उचकटली की परत नाही बसत, ताई. आणि हे अभयारण्य आहे." १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता, पण त्या नियमांत वाढलेला हा मुलगा आहे.

कोकणकड्यावर पोचलो तेव्हा सूर्य हातभर वर होता. खाली कोकण आणि शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याचं पाणी. घाटघरचा २५० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प हा इथला. त्याचं तंत्र मुलाने समजावून सांगितलं. संध्याकाळी शहरांत दिवे लागतात, विजेची मागणी चढते, तेव्हा वरच्या तळ्यातलं पाणी खाली सोडून वीज करतात. रात्री मागणी उतरली की शिल्लक विजेवर तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. एक मैत्रीण पटकन म्हणाली, "म्हणजे बाईसारखंच. संध्याकाळी सगळ्यांना एकदम हवी असते, आणि रात्रीतून दुसऱ्या दिवसाची तयारी." आम्ही हसलो.

आणि नेमक्या त्याच वेळी, सूर्य क्षितिजाला टेकताना, फोन वाजायला लागले. कड्यावर रेंज येत होती हेही एक दुर्दैवच. अकरापैकी सातजणी सूर्याकडे पाठ करून बोलत होत्या. कुकरच्या किती शिट्ट्या करायच्या, गोळ्यांची डबी कुठल्या कप्प्यात आहे, क्लासहून मुलगी आली का. मी त्या सातांतलीच एक. फोन ठेवून वळले तेव्हा सूर्य बुडाला होता.

परतताना अंधारात वाटाड्याच्या घरी जेवलो. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. चुलीपुढे त्याची आई आणि बायको. दुपारी चारपासून दोघी लागल्या होत्या, त्याआधी पाणी भरून झालं होतं. मी सहज विचारलं, "मावशी, तुम्ही बघता का कड्यावरून सूर्य बुडताना?" भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "कड्यावर गेलेय की. सरपणाला गेले, शेळी चुकली तवा गेले. बघायला कशाला जाऊ? त्या टायमाला तर तुमची भाकर असते."

त्या वाक्यात राग नव्हता. म्हणूनच ते माझ्या मनातून जात नाही.

आता हिशेब मांडू. त्या संध्याकाळी आम्ही गाडीचे पैसे दिले ते मुलाला. जेवणाचे माणशी वेगळे दिले तेही मुलाच्याच हातात. आम्ही, वनहक्काच्या पट्ट्यावर बाईचं नाव हवं म्हणून तीन दिवस घसा फोडणाऱ्या आम्ही, चुलीपर्यंत जाऊन "छान झालं होतं हं" एवढं म्हणून आलो. कुणालाही सुचलं नाही की ज्या हातांनी भाकरी केली त्या हातांत पैसे द्यावेत. २००६ च्या वनहक्क कायद्यात विवाहितांच्या बाबतीत पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने देण्याची तरतूद आहे. त्यासाठी आपण तहसीलपर्यंत मोर्चे नेतो. पण त्याच रानावर आता जो नवा धंदा उभा राहिला आहे, गाडीचा, तंबूचा, जेवणाचा, त्यात दोघांचं नाव असावं असं म्हणायला आपण अजून सुरुवातही केलेली नाही.

कुणी म्हणेल, त्या मुलाच्या पोटावर का उठता? मी उठत नाही. या पट्ट्यातली महादेव कोळी आणि ठाकर घरं वर्षानुवर्षं पाऊस संपला की मजुरीसाठी घाट उतरत आली आहेत. ज्या रानात पावसाळ्यात पाणी मावत नाही तिथे उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन फिरतात, आणि १९२६ साली पुरं झालेलं भंडारदरा धरण खाली प्रवरेच्या काठी ऊस भिजवतं. अशा ठिकाणी गाड्यांचा धंदा घरात चार पैसे आणत असेल तर ते चांगलंच आहे. त्याची बायकोही मला म्हणाली, "द्राक्षाच्या कामाला नाशकाकडं जाण्यापरीस हे बरं. निदान पोरं शाळंत राहतात." तिचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. पण एक विचारीन. धंद्याने नवऱ्याला गाडीचं चाक दिलं, चार माणसांशी बोलायची सवय दिली, पाटीवर नाव दिलं. तिला काय दिलं? तीच चूल, फक्त भाकऱ्या जास्त.

हे काम मोजलं जात नाही, कारण ते नेहमीचंच वाटतं. सरकारने २०१९ साली केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत दिसलं की घरातलं बिनमोल काम करणाऱ्यांपैकी बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७. पाच तास आणि दीड तास. या पाच तासांतला मोठा वाटा संध्याकाळचा असतो, हे आपल्यापैकी कुणाला आकडेवारीतून शिकायला नको. जगाचा दिवस मावळतो तेव्हा बाईची दुसरी पाळी सुरू होते.

आणि कामाइतकीच भीतीही आहे. दिवेलागणीला बाई घरात हवी, ही आपल्या अंगात भिनलेली शिकवण. कायद्यालाही बाईचा सूर्यास्त ठाऊक आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने संध्याकाळी सातनंतर बायकांना कारखान्यात कामाला ठेवायला मनाई केली होती. महाराष्ट्राने ती २०१५ साली सैल केली. अपवाद वगळता सूर्यास्तानंतर बाईला अटक करू नये, ही तरतूद २००५ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत आली आणि २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती आहे. पोलीस कोठडीतल्या अत्याचारांविरुद्ध आपण १९८० पासून लढलो, त्याच्याशी तिचं नातं आहे, आणि ती हवीच. पण सूर्यास्तानंतर बाईला काय होऊ नये याचाच आपण इतका विचार केला, की सूर्यास्ताच्या वेळी बाईला काय मिळावं हा प्रश्न राहूनच गेला. काही काम नसताना, कुणाला डबा पोचवायचा नसताना, नुसतं बाहेर बसून राहण्याचा हक्क. तो मागायला आपल्यालाच संकोच वाटतो. पोटाची मारामार असताना कसला सूर्यास्त, असं आपणच म्हणतो. पण गावातला पुरुष तेवढाच गरीब असून रोज संध्याकाळी पारावर बसतो. त्याला कुणी हा प्रश्न विचारत नाही.

घरी आल्यावर आम्ही यावर बोललो आणि ठरवलं की शिबिरात बोललो तसं एकदा करून बघू या. फेब्रुवारीत त्याच गावच्या बचत गटाच्या बायकांना घेऊन कड्यावर जायचं. गाडी त्याच मुलाची, भाडं आमचं. गटाच्या बैठकीत सांगितलं, त्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक घरच्या पुरुषांनी करायचा. हसणं झालं, टाळ्या झाल्या, पुरुषही हो म्हणाले. चौदाजणींची नावं लिहिली. आल्या पाचजणी. कुणाची म्हैस व्यायला झाली होती, कुणाच्या सासूला बरं नव्हतं, एकीने सरळ सांगितलं की नवरा नको म्हणाला.

त्या पाचजणींत मावशी होत्या. कड्याच्या अलीकडे खडकावर बसल्या, पदर नीट केला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग खाली बोट दाखवून म्हणाल्या, "त्या पाण्याच्या पलीकडं माझं माहेर." चाळीस वर्षांपूर्वी घाट चढून त्या या गावात आल्या होत्या. सरपण तोडताना, शेळी शोधताना त्यांना हे दिसलंच नव्हतं असं नाही. पण बसून बघितलं ते त्या दिवशी.

परत आलो तेव्हा घरात भाकऱ्या तयार होत्या. मला वाटलं, जमलं! मग कळलं, भाकऱ्या नातीने केल्या होत्या. वय वर्षं बारा. शाळेतून आल्यावर तिने पाणी भरलं, चूल पेटवली, सगळ्यांचं केलं. आजीची एक संध्याकाळ मोकळी झाली ती नातीची संध्याकाळ घेऊन. आजोबा आणि बाप अंगणात बसले होते, मनाने अगदी चांगली माणसं.

त्या मुलीकडे बघताना मला माझं घर आठवलं. मी शिबिराला येते तेव्हा माझ्या घरी जी बाई दोन तास जास्त थांबते, तिची संध्याकाळ मी कुठल्या हिशेबात धरते? एका बाईचा मोकळा वेळ दुसऱ्या बाईच्या, नाहीतर मुलीच्या अंगावर पडत असेल, तर घरात काहीच बदललेलं नाही. चूल एका हातातून दुसऱ्या हातात गेली, एवढंच.

म्हणून माझ्या मते आपल्याला दोन्ही टोकांनी काम करावं लागेल. एक टोक धंद्याचं. जिथे जिथे असं पर्यटन वाढतं आहे, तिथे जेवणाचे पैसे जेवण करणारीच्या हातात किंवा तिच्या खात्यात जावेत, आणि हे आपण ग्राहक म्हणून आजपासून करू शकतो. गाडी, खोली, तंबू यांच्या कागदांवर पट्ट्यासारखीच दोघांची नावं असावीत. राज्य सरकारने २०२३ साली 'आई' नावाचं महिलांसाठीचं पर्यटन धोरण आणलं. त्यात बाईच्या नावावरच्या आणि तिनेच चालवलेल्या पर्यटन व्यवसायाच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज सरकार परत करतं. ते गावापर्यंत पोचवणं आपल्या गटांचं काम आहे, आणि कर्ज बाईच्या नावाने, व्यवहार नवऱ्याचा, असं होऊ न देणं हे त्याहून मोठं. रान बायकांना पुरुषांपेक्षा कमी माहीत नाही. ताडोबात गावातल्या बायका वाटाड्या म्हणून गाडीत बसतात. लडाखमध्ये थिनलास चोरोल यांनी २००९ साली बायकांनीच चालवलेली पर्यटन संस्था काढली. मग अकोले तालुक्यातली बाई सांदणची वाट का दाखवणार नाही?

दुसरं टोक घरातल्या चुलीचं, आणि ते जास्त अवघड आहे. ज्या संध्याकाळी बाई बाहेर असेल त्या संध्याकाळी चुलीपुढे पुरुष असला पाहिजे, मुलगी नव्हे. एकदा टाळ्या घेऊन हे होत नाही. पुढच्या वेळी आम्ही बायकांच्या बैठकीत नव्हे, पुरुषांच्या बैठकीत जाऊन नावं लिहून घेणार आहोत: कोण भाकरी करणार, कोण पाणी भरणार. आणि नातीला गाडीत आजीशेजारी बसवून नेणार आहोत.

मैत्रिणींनो, तुमच्या गटातल्या किती जणींनी गेल्या महिन्यात एक संध्याकाळ काही न करता घालवली, हे पुढच्या बैठकीत विचारून पाहा. आणि ती मोकळी झाली तेव्हा तिच्या घरची चूल कुणी सांभाळली, हेही विचारा. उत्तरं आम्हाला जरूर कळवा.