मेकअप, आत्मविश्वास आणि ‘गोरं करणारी’ ट्यूब

“डॉक्टर, रोज मेकअप केला तर चालतो का?” हा प्रश्न बहुधा तपासणी संपल्यावर, उठता उठता विचारला जातो. विचारणारीच्या आवाजात संकोच असतो, जणू काही डॉक्टर आता रागावणार. माझं उत्तर सरळ आहे. चालतो.

“आत्मविश्वास आतून यायला हवा, त्यासाठी लिपस्टिक कशाला?” असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यातले बरेचसे पुरुष महिन्यातून एकदा केसांना कलप लावत असतात! चारचौघांत जाताना नीटनेटकं दिसावंसं वाटणं हा काही आजार नाही.

उलट काही वेळा मेकअप उपचाराला हातभार लावतो. कोडाचे डाग झाकण्यासाठी खास प्रकारचा मेकअप मिळतो आणि त्वचारोगतज्ज्ञ तो सुचवतातही. त्याने कोड बरं होत नाही. पण लोकांच्या नजरा टाळत घरात बसलेली व्यक्ती लग्नकार्याला जाऊ लागते. केमोथेरपीमध्ये भुवया गळतात, चेहरा ओढल्यासारखा होतो. अशा रुग्णांना मेकअप शिकवणारा ‘लुक गुड फील बेटर’ हा उपक्रम अमेरिकेत १९८९ साली सुरू झाला, तो याच कारणासाठी.

मग माझी हरकत कशाला आहे? माझी व्याख्या सोपी आहे. रात्री धुतल्यावर जातो तो मेकअप. धुतल्यावरही जे त्वचा बदलून ठेवतं ते औषध. आणि औषध मैत्रिणीच्या, पार्लरच्या किंवा दुकानदाराच्या सल्ल्याने घ्यायचं नसतं.

आपल्याकडे आत्मविश्वासाचा प्रश्न फार लवकर रंगावर येऊन थांबतो. २०२० साली ‘फेअर अँड लव्हली’चं नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ झालं, पण स्थळं बघताना मुलीचा रंग विचारायचा काही कोणी थांबलेलं नाही. मग बघण्याच्या कार्यक्रमाआधी मेडिकलमधून एक ट्यूब आणली जाते.

अशा अनेक ट्यूबमध्ये स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन असं मिश्रण असतं. वांगासाठी डॉक्टर ते देतात, पण काही आठवड्यांपुरतं आणि देखरेखीखाली. ते रोजची क्रीम म्हणून लावलं की सुरुवातीला चेहरा उजळतो, सगळे कौतुक करतात. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, लाल पडते, उन्हात भाजते. पुटकुळ्या येतात, चेहऱ्यावर लव वाढते. ट्यूब बंद केली की आग होते, म्हणून ती पुन्हा सुरू होते. त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा’ असं नावच दिलं आहे. २०१८ साली सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइड्स चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती सर्रास मिळतात. आत्मविश्वासासाठी आणलेली ट्यूब शेवटी तोंड लपवायला लावते, हे मला सर्वांत वाईट वाटतं.

दुसरा धोका माझ्या विषयातला आहे, तो म्हणजे किडनीचा. ठावठिकाणा नसलेल्या काही फेअरनेस क्रीममध्ये पारा असतो. तो त्वचेचं रंगद्रव्य तयार होऊ देत नाही म्हणून चेहरा उजळतो, पण त्वचेतून शरीरातही शिरतो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात डॉक्टरांना २०२१ ते २०२३ या काळात किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण आढळले. त्यातल्या १५ जणांच्या तपासणीत एक खास खूण सापडली आणि त्या १५ पैकी १३ जण अशा क्रीम वापरत होते.

म्हणून मेकअपप्रेमी मैत्रिणींनो, आणि मित्रांनोही, एवढं सांभाळा :

- उत्पादकाचं नाव, पत्ता, घटक आणि मुदत न छापलेली क्रीम फुकट मिळाली तरी लावू नका.
- ‘सात दिवसांत गोरेपणा’ दिसला की सावध व्हा.
- अशी क्रीम लावत असाल आणि लघवीला फेस येत असेल किंवा पायावर, डोळ्यांभोवती सूज असेल, तर लघवीतील प्रथिनं तपासून घ्या.
- स्टिरॉइडची ट्यूब महिनोन्महिने लावली असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. बंद केल्यावर त्रास वाढला म्हणून आपण होऊन पुन्हा सुरू करू नका.
- टिकलीच्या जागी खाज किंवा पांढरा डाग आला तर गोंदाच्या टिकल्या थांबवा.
- काही प्रकारच्या सुरम्यात शिसं असतं. लहान बाळांना तो लावू नका.
- डॉक्टरकडे येताना लिपस्टिक आणि नेलपॉलिश नको. ओठांचा, नखांचा फिकेपणा आम्हाला पाहायचा असतो, आणि गडद नेलपॉलिशमुळे ऑक्सिमीटरचा आकडाही चुकू शकतो.

आणखी एक. मेकअपशिवाय दूधवाल्यालाही दार उघडवत नसेल, आरशासमोर तासन्‌तास एकच डाग दिसत असेल, तर तो त्वचेचा प्रश्न राहिलेला नसतो. त्याबद्दल बोला, त्यावर उपचार आहेत.

बाकी आवडीची लिपस्टिक खुशाल लावा. फक्त झोपण्यापूर्वी चेहरा धुवा आणि धुतल्यावर जो रंग दिसेल, त्याला औषध शोधू नका. तो आजार नाही.