खात्रीची नोकरी : एक हिशेब

“मुलीला नर्सिंगला घाला, नोकरी कुठे जात नाही!” बारावीचा निकाल लागला की आमच्या सीमाभागात हा सल्ला घरोघरी ऐकू येतो. तो अगदीच चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. तालुक्याच्या गावी मुलींपुढे वाटा तरी किती असतात? त्यांत रुग्णसेवेची वाट निश्चितच मानाची आहे. परंतु ‘खात्रीची’ हा शब्द मला खटकतो. वाणिज्य शाखेत दोन वर्षे काढल्यावर एक सवय जडते. कोणी नफा सांगितला, की आधी त्याची वही मागावीशी वाटते.

मागच्या दिवाळीत मी भोपाळला आत्याकडे गेले होते. आत्याच्या माडीवर सिहोर जिल्ह्यातील एका लहान गावची मुलगी भाड्याने राहते. २०२० साली तिने तीन वर्षांच्या जी.एन.एम. अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. वडिलांनी शेत गहाण टाकून फी भरली. मी भेटले तेव्हाही तिच्या हाती प्रमाणपत्र नव्हते. “तुमच्या कॉलेजचे रुग्णालय कुठे आहे?” असे मी विचारले, तर ती हसली. एका खोलीत चार खाटा आणि एक रबरी पुतळा, एवढेच तिचे रुग्णालय! पुतळ्याला ना ताप येतो, ना तो कण्हतो. त्याच्यावर शिकलेल्या मुलीने उद्या खऱ्या रुग्णाची शीर कशी शोधावी?

ही एकटीची कहाणी असती तर दुर्दैव म्हणून सोडून दिली असती. पण मध्य प्रदेशातील नर्सिंग महाविद्यालयांचे प्रकरण सर्वश्रुत आहे. कागदोपत्री रुग्णालय, कागदोपत्री प्राध्यापक, अशा तक्रारी उच्च न्यायालयापुढे गेल्या. २०२३ च्या फेब्रुवारीत ग्वाल्हेर खंडपीठाने परीक्षांना स्थगिती दिली आणि हजारो विद्यार्थी अधांतरी लोंबकळले. पुढे न्यायालयाच्या आदेशाने सी.बी.आय.ने ३०८ महाविद्यालये तपासली आणि त्यांपैकी १६९ योग्य ठरवली. पण मे २०२४ मध्ये, अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सी.बी.आय.ने आपल्याच तपास अधिकाऱ्याला अटक केली! मग न्यायालयाने पुन्हा तपासणीचा आदेश दिला. आमच्या ऑडिटिंगच्या पुस्तकात लेखापरीक्षकाची कर्तव्ये दिलेली आहेत. परीक्षकाचेच परीक्षण कोणी करावे, हा धडा मात्र भोपाळने शिकवला.

वाचकहो, भोपाळ दूर आहे म्हणून आपण निर्धास्त राहावे काय? मला तसे वाटत नाही. फी भरणारा बाप इथेही तोच आहे आणि ‘नोकरी कुठे जात नाही’ म्हणणारे शेजारीही तेच आहेत. म्हणून माझी विनंती एवढीच, की पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. कॉलेजला जोडलेले रुग्णालय कोणते? शंभर खाटांचे रुग्णालय असावे असा भारतीय नर्सिंग कौन्सिलचा दंडक आहे. दुसरा प्रश्न, त्या खाटांवर रुग्ण असतात का? हे माहितीपत्रकात मिळणार नाही. सकाळी बाह्यरुग्ण विभागात तासभर बसले, की आपोआप कळते. आणि तिसरा, मागच्या तुकडीतील मुलींची राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी झाली का? नोंदणीवाचून पांढरा गणवेश हा केवळ गणवेशच.

आता पगाराची बाजू. भोपाळच्या एम्स रुग्णालयात नर्सिंग ऑफिसरचे मूळ वेतनच ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. माझ्या मैत्रिणीची थोरली बहीण रीतसर नोंदणी झालेली परिचारिका आहे. आमच्या गावातील एका दवाखान्यात बारा तास राबून तिला मिळतात नऊ हजार. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानुसार केंद्राने एक समिती नेमली होती. पन्नासांहून कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान वीस हजार मिळावेत, अशी तिने शिफारस केली. शिफारशीला मात्र पाय नसतात. ती दिल्लीहून आमच्या गावापर्यंत चालत येत नाही. मग ही बहीण उद्या पुण्याला किंवा बेंगळुरूला गेली, तर तिला ‘गाव विसरली’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरतो का?

तिच्यासारखीची गावाला खरी गरज आहे. मी घरी कन्नड बोलते आणि शिकले मराठी शाळेत. आमच्याकडे म्हातारी आजी दुखणे सांगते कन्नडमध्ये आणि डॉक्टर औषध समजावतात मराठीत. दोघांच्या मध्ये उभी राहून दोन्ही समजणारी परिचारिका बाहेरून आणता येत नाही. ती इथेच घडावी लागते आणि इथेच टिकावी लागते.

तेव्हा सेवाभावाची भाषणे थोडी कमी करू या. मुलींनी प्रवेशापूर्वी खाटा मोजाव्यात आणि दवाखान्यांनी महिनाअखेर पगार नीट मोजावा. एवढे झाले, तर ‘खात्रीची नोकरी’ हे शब्द मीही आनंदाने उच्चारीन.