दुकान बंद सगळ्यांचं, मदत फक्त यादीतल्यांना

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण २०२१ मध्ये ज्यांचं शटर दीड महिना खाली होतं त्यांनी पूर्ण वाचा आणि शेजारच्या दुकानदारालाही पाठवा.

२०२१ मध्ये अक्षय तृतीया आणि रमजान ईद एकाच दिवशी आली, १४ मे. कापडवाले, चप्पलवाले, टेलर यांचा वर्षाचा धंदा या दिवसांत होतो. २०२० मध्येही हे सण लॉकडाऊनमध्येच गेले. २०२१ मध्ये लग्नाला २५ माणसं आणि दोन तास, म्हणजे मंडपवाला, बँडवाला, आचारी, फोटोग्राफर सगळे घरी होते. निर्बंध १ जून २०२१ पर्यंत वाढले होते.

निर्बंध नको होते असं मी म्हणत नाही. एप्रिल २०२१ मध्ये बेड आणि ऑक्सिजनसाठी लोकांची काय धावपळ झाली ते सगळ्यांनी पाहिलंय. माझा मुद्दा वेगळा आहे. बंदचा आदेश सरसकट निघाला, मदत मात्र यादी बघून मिळाली.

१३ एप्रिल २०२१ ला तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात फेरीवाले, रिक्षाचालक आणि बांधकाम कामगारांना प्रत्येकी १,५०० रुपये. महिन्याचे धरले तर दिवसाला पन्नास. तेही चालेल, पण अट बघा: फेरीवाला 'नोंदणीकृत', रिक्षावाला 'परवानाधारक'. फेरीवाल्यांचा कायदा २०१४ चा आहे. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करून प्रमाणपत्र द्यायचं असं त्यात लिहिलंय. गांधी पार्क ते स्टेशन रोड एक चक्कर मारा आणि गाडीवाल्यांना विचारा, किती जणांकडे ते आहे?

गाळेवाल्याचं तर कुठेच नाव नव्हतं. सलून, टेलर, स्टेशनरी, भांड्याचं दुकान यांच्यासाठी या पॅकेजमध्ये एक रुपया नव्हता. केंद्राने २०२० मध्ये विनातारण कर्जाची हमी योजना आणली, पण ती आधीच बँकेचं कर्ज असलेल्यांना होती. भिशी उचलून किंवा बायकोचं सोनं मोडून ज्याने दुकान टाकलं, तो बाहेर. किरकोळ व्यापारी तर २०१७ पासून जुलै २०२१ पर्यंत एमएसएमईच्या व्याख्येतच बसत नव्हता.

तरी तेव्हा हातात काय होतं आणि आता काय करता येतं ते बघा.

१) दुकानाचं बँकेत कर्ज असलेल्यांसाठी रिझर्व्ह बँकेने ५ मे २०२१ रोजी कर्जाची फेररचना करायला परवानगी दिली होती. किरकोळ व्यापारीही त्यात होते. ३१ मार्च २०२१ ला खातं एनपीए नसावं आणि प्रक्रिया ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत सुरू व्हावी, अशी अट होती.   पण ती माफी नव्हती. हप्ता लांबत होता, व्याज चालूच राहत होतं.

२) हातगाडी, टपरी, रस्त्याकडेचा मोची, न्हावी यांच्यासाठी पीएम स्वनिधी आहे. २०२१ मध्ये त्यात १०,००० रुपये विनातारण, वर्षभरात फेड, वेळेवर भरलं तर व्याजात ७ टक्के सवलत होती. २४ मार्च २०२० रोजी किंवा त्याआधीपासून धंदा हवा होता. ओळखपत्र नसेल तर मनपा किंवा नगरपालिकेकडून शिफारसपत्र मागा.

३) शॉप अ‍ॅक्टची ऑनलाइन पावती आजच काढून ठेवा. सलून, टेलरिंग अशा सेवा-धंद्यांनी उद्यम नोंदणीही करावी, ती फुकट आहे.

आता आपल्या पुढाऱ्यांना आणि मनपाला सांगणं. बंद काळात मनपाच्या गाळ्यांचं भाडं कशासाठी? ते माफ करा. प्रभागात टेबल टाकून फेरीवाल्यांची नोंदणी करा. सेलू, जिंतूर, गंगाखेड, पाथरी, मानवतच्या पालिकांनाही हे जमण्यासारखं आहे, त्याला मुंबईचा आदेश लागत नाही. व्यापारी संघटनांनीही निवेदनात फक्त 'दुकानं उघडा' एवढंच न लिहिता ही मागणी लिहावी.

आणि ज्यांचा पगार दर महिन्याला खात्यात पडतो त्यांना हात जोडून विनंती: कोपऱ्यावरच्या दुकानदाराची उधारी आज देऊन टाका. तो मागणार नाही, लाजेपोटी. सरकारी मदत येईल तेव्हा येईल, पण त्याच्या वहीत आपलं नाव आहे. त्या यादीतलं आपलं नाव खोडणं तरी आपल्या हातात आहे.

तुमच्या गावात नोंदणी सुरू आहे का, गाळ्याचं भाडं कोणी मागतंय का, कमेंटमध्ये लिहा. पाठपुरावा करू.