ओळखपत्र न दाखवणारा सल्या

चित्रपटांवर लिहिणे हे आमच्यात अजूनही हलके काम समजले जाते. वार्षिकासाठी लेख मागितला की आम्ही सच्चर समिती काढतो, तलाकचा कायदा काढतो, आरक्षण काढतो, फार तर दखनी कवितेवर एखादे टिपण लिहितो. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. आमच्या तालुक्यात तो वाचलेला मुसलमान शोधायला निघालो तर मोजायला एका हाताची बोटेही जास्त होतील. पण ‘छावा’ न पाहिलेला एक पोरगा आमच्या मोहल्ल्यात दाखवा! पडद्याने आमच्याविषयी जे मत बनवले आहे ते आमच्या सगळ्या परिसंवादांहून जास्त घरांत पोचले आहे. म्हणून यंदा आम्ही सिनेमा आणि गाण्यांवरच लिहिणार आहोत. ज्यांना हे थिल्लर वाटेल त्यांनी खुशाल पुढच्या कथेकडे वळावे.

‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ रोजी लागला. आमचा भाचा अकरावीत. वर्गातल्या चार मित्रांबरोबर पहिल्याच आठवड्यात गेला. शिवाजी सावंतांची कादंबरी आमच्या घरी आहे, ती त्याने सुट्टीत वाचली होती, त्यामुळे संभाजीराजांचा शेवट त्याला ठाऊक होता. तरी शेवटची वीस-पंचवीस मिनिटे तो रडला. सगळेच रडत होते. पडदा पडल्यावर घोषणा सुरू झाल्या. यानेही आवाज दिला. तेवढ्यात पुढच्या रांगेतला कुणी मागे वळून याच्याकडे पाहत राहिला. काही बोलला नाही, नुसता पाहत राहिला. मित्रांपैकी एकाने याचा हात धरला आणि बाजूच्या दाराने बाहेर काढले. रात्री पोरगा जेवला नाही. बहिणीने आम्हाला फोन लावून दिला तेव्हा एवढेच म्हणाला, “मामू, मेरे कू सच्ची रोना आया था.”

या वाक्याला उत्तर काय द्यावे हे आम्हाला त्या रात्री सुचले नाही. सवयीने आम्ही तेच सांगू लागलो, जे आमच्या पिढीला पाठ आहे. शिवरायांच्या आरमारात दौलतखान होता, तोफखान्यावर इब्राहिमखान होता, पायदळाचा सरनोबत नूरखान बेग होता, चिटणिशीत काझी हैदर होता. पोराने ऐकून घेतले आणि विचारले, “ये मैं वो आदमी को थेटर में बोलना था क्या?” आम्ही गप्प.

वाचकहो, ही यादी आम्ही किती वर्षे छापत आहोत? आमच्या अर्ध्या भाषणांची सुरुवात तिने होते. यादीतल्या माणसांविषयी आम्हाला आदर आहे, इतिहास म्हणून ती सांगितलीच पाहिजे. पण खिशातून ओळखपत्र काढून दारावरच्या शिपायाला दाखवावे तशी आम्ही ती काढतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या चार सरदारांच्या जामिनावर आमच्या भाच्याने सिनेमा पाहायचा आणि रडायचे, हा कुठला न्याय? त्याच्या शेजारी बसलेल्या पोराला कुणी यादी विचारली नाही.

आणि औरंगजेब आमचा कोण लागतो? त्याने बापाला कैदेत टाकले, दाराला मारले, मुरादला मारले. १६८६ साली विजापूर बुडवले आणि १६८७ साली गोवळकोंडा, ही दोन्ही राज्ये मुसलमानांचीच होती. आमचा कुणी पूर्वज त्या काळी तलवार बांधून असलाच, तर तो आदिलशाहीच्या बाजूने आलमगिराच्या फौजेकडून मेला असण्याचाच संभव जास्त. औरंगजेबाचा स्वतःचा मुलगा अकबर बंड करून १६८१ साली आसऱ्याला आला तो संभाजीराजांकडेच. हे सगळे ठाऊक असूनही आमच्यातले काही शहाणे, समोरच्याने औरंगजेबाला शिवी दिली की ती आपल्याला लागली असे समजून मोबाईलवर त्याचे चित्र लावतात. त्यांना आम्ही मूर्खच म्हणू. समोरच्याने आपल्याला जे व्हायला सांगितले तेच हे होऊन बसतात.

याच चित्रपटाच्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या, त्या विचार करण्यासारख्या आहेत. झलकेत संभाजीराजे लेझीम खेळताना दिसले, त्यावर आक्षेप आला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते दृश्य प्रदर्शनाआधीच काढून टाकले. पुढे शिर्क्यांच्या वंशजांनी आमच्या पूर्वजांना फितूर दाखवले म्हणून तक्रार केली, तर उतेकरांनी त्यांची माफी मागितली. त्यांचा तो हक्क होता, ते वंशज आहेत. आम्ही औरंगजेबाचे वंशज नाही, म्हणून आम्हाला तक्रारही करता येत नाही. पण १७ मार्च २०२५ रोजी नागपुरात खुलताबादच्या कबरीवरून आग लागली तेव्हा वारसा कुणाच्या दारात आणून टाकला गेला? मुख्यमंत्र्यांनीच विधिमंडळात सांगितले की या चित्रपटामुळे औरंगजेबाविषयीच्या लोकभावना पेटल्या. मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात तर लोक मोगलांचे सोने निघेल म्हणून रात्री विजेऱ्या घेऊन शेते उकरत होते. सिनेमा हा सिनेमा असतो, असे आम्हाला सांगणाऱ्यांनी ते खड्डे पाहून यावेत.

आता थोडे मागे जाऊ. ‘सरफरोश’ (१९९९) आला तेव्हा आम्ही कौतुक केले होते. त्यात गझल गाणारा कलावंत हेर निघाला. म्हणजे गझलही संशयित! तोल सांभाळायला इन्स्पेक्टर सलीम दिला, जो पूर्ण चित्रपटभर आपण या देशाचे आहोत हे सिद्ध करत राहतो. ‘चक दे! इंडिया’ (२००७) आम्हाला मनापासून आवडला, अजून आवडतो. पण कबीर खानलाही सिद्धच करायचे होते. पुढे सिद्ध करण्याची सोयसुद्धा गेली. ‘पद्मावत’मधला (२०१८) खिलजी मांसाचे लचके तोडतो, डोळ्यांत काजळ घालून किंचाळतो. ‘द केरला स्टोरी’च्या (२०२३) जाहिरातीत ३२,००० मुलींचा आकडा होता. सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर, या आकड्याला अधिकृत आधार नाही, अशी पाटी लावायचे निर्मात्यांना कबूल करावे लागले. त्याच चित्रपटाच्या दिग्दर्शकाला २०२५ साली राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. यावर आम्ही काय बोलावे!

या सगळ्या चित्रपटांतला मुसलमान बोलतो ती भाषा कुठली? जनाब, हुजूर, माशाल्ला, जुम्मे की रात. आमच्या गावात मुलाणी आहेत, ते बलुतेदार. अत्तार आहेत, तांबोळी, बागवान, शिकलगार, पिंजारी आहेत. कोकणात खोतीच्या वादापासून मासळीच्या लिलावापर्यंत सगळे मराठीत करणारे आमचे लोक आहेत. घरात दखनी, दारात मराठी, नमाजेत अरबी, आणि भांडण झाले की पुन्हा मराठी. हा माणूस हिंदी पडद्यावर दिसत नाही याचे आम्हाला फार वाईट वाटत नाही, मुंबईच्या लेखकांना तो भेटलाच नसेल. पण मराठी पडद्यावर? तिथेही तो ईदला शीरखुर्म्याचा डबा आणून देतो आणि जातो. वर्षातून एकदा येणारा हा डबेवाला मुसलमान पाहून आम्हाला शीरखुर्म्याचा वीट आला आहे.

अपवाद एक, आणि तो मोठा आहे. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) आठवा. परश्याचा दोस्त सल्या. सलीम शेख. अरबाज शेख या नवख्या पोराने ते काम केले. सल्या करमाळ्याकडची मराठी बोलतो, क्रिकेट खेळतो, दोस्ताच्या प्रेमात नसते उद्योग करतो आणि त्यापायी मारही खातो. तो कुठेही नमाज पढताना अडकवलेला नाही, कुठेही देशभक्तीचे भाषण करत नाही, दंगलीत कुणाचा जीवही वाचवत नाही. तो फक्त दोस्त आहे. त्याचे नाव सलीम आहे हे आम्ही पहिल्यांदा पाहिले तेव्हा लक्षातसुद्धा राहिले नाही. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आले आणि घशाशी आवंढा आला. आमच्या सगळ्या संमेलनांच्या सगळ्या ठरावांनी जे साधले नाही ते एका चौदा-पंधरा वर्षांच्या दिसणाऱ्या पोराने क्रिकेटची बॅट हातात धरून साधले. तेव्हा आमच्या वार्षिकांतून ‘सैराट’वर जातीच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले, ते योग्यच होते. सल्यावर कुणी लिहिले? आम्हीही लिहिले नाही. हा लेख म्हणजे थोडी भरपाई समजा.

राजन खान यांच्या कथेवरचा ‘हलाल’ (२०१७) आम्ही पाहिला. कथा आमच्यातल्या लेखकाची आणि प्रश्न खरा, हमीद दलवाईंनी सात बायकांचा मोर्चा काढला तेव्हापासूनचा. पण मराठी प्रेक्षकाला मुसलमान स्त्री तलाकच्या कहाणीखेरीज दिसूच नये? २०२५ सालचा ‘हक’ पुन्हा शाहबानो प्रकरणाभोवतीच फिरला. आमच्या तालुक्यात मुस्लिम मुली परिचारिका आहेत, तलाठी आहेत, एकीने पोल्ट्री टाकली आहे. त्यांचा नवरा त्यांना सोडत नाही तोवर त्यांची गोष्ट होत नाही काय? नीरज घायवानांचा ‘होमबाउंड’ (२०२५) मात्र पाहाच. दलित आणि मुसलमान अशा दोन मित्रांची, पोलीस भरतीच्या परीक्षेची आणि टाळेबंदीत पायी निघालेल्या कामगारांची ती गोष्ट आहे. आमच्याकडच्या थिएटरला तो लागलाच नाही, फोनवर पाहावा लागला.

गाण्यांकडे वळतो, कारण तिथे बोट दुसऱ्याकडे दाखवून भागत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये ‘धुरंधर’ आला. फेब्रुवारीत औरंगजेब झालेले अक्षय खन्नाच त्यात कराचीच्या ल्यारीतला रहमान डकैत झाले. (नट उत्तम, यात शंका नाही. एका वर्षात दोनदा आमच्या नावाचे भय वाटावे इतके उत्तम.) त्याच्या प्रवेशाला बहारीनच्या एका रॅपरचे अरबी गाणे आहे. त्यावर देशभर पोरे नाचली, आमची पण. ज्या चित्रपटात अरबी आणि उर्दू ऐकू आली की शत्रू आला असे समजायचे, त्याच चित्रपटात ‘बरसात की रात’मधली (१९६०) रोशन आणि साहिर यांची कव्वाली नव्या ठोक्यावर चढवली आहे. धर्माच्या भिंती ओलांडणाऱ्या इश्काची ती कव्वाली आता गोळीबाराच्या चित्रपटाला कामी आली. कव्वाली हवी, कव्वाल नको, असा हा व्यवहार आहे.

पण आमच्या दाराशी काय चालले आहे? मशिदीसमोर मिरवणूक थांबवून आम्हाला उद्देशून केलेली डिवचणारी गाणी वाजवली जातात, याचा त्रास आम्ही भोगला आहे, त्याविषयी पोलिसांत अर्जही दिले आहेत. त्याच वर्षी आमच्याच उरुसाच्या संदलमध्ये डीजे आला. लेझरचे दिवे, घराच्या पत्र्यांना कंप, आणि गाणे असे की त्यात औलियाचे नाव एकदा आणि दादागिरीचे शब्द दहा वेळा. एका म्हाताऱ्या हाफिजसाहेबांना छातीत दुखू लागले म्हणून घरी नेले. आम्ही पोरांना बोललो तर उत्तर आले, “त्यांचा चालतो, आपला का नाही?” म्हणजे शेजाऱ्याच्या वाईट खोडीची बरोबरी करणे हाच आमचा स्वाभिमान!

हीच पोरे एमसी स्टॅन ऐकतात. पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा हा अल्ताफ २०२३ साली ‘बिग बॉस’ जिंकला तेव्हा आमच्या वयाच्या मंडळींनी नाके मुरडली. शिव्या फार आहेत, बायकांविषयी तो बोलतो ते आम्हाला पटत नाही, गळ्यातल्या साखळ्यांची बढाईही पटत नाही. तरी एक गोष्ट मान्य करावी लागेल. त्याची भाषा कुठल्या नवाबाच्या दिवाणखान्यातून आलेली नाही, ती पुण्याच्या वस्तीतली आहे, मराठीशी घासून घासून झालेली. तो कुणाला ओळखपत्र दाखवत नाही. ‘गली बॉय’मधला (२०१९) मुराद आम्हाला आवडला तोही त्यासाठीच.

आणि आमच्याकडे याहून जुने गाणे आहे, ज्याला कुणी विचारत नाही. कृष्णाकाठच्या गावांत मोहरमला आलाव्याभोवती फेर धरून करबलची गाणी म्हणतात, रिवायती म्हणतात. हसन-हुसेनची कहाणी शुद्ध रांगड्या मराठीत, आणि म्हणणाऱ्यांत पाटील, कुंभार, मांग, मुलाणी सगळे. आमच्या शेजारच्या गावात ती म्हणणारे एक मराठा आजोबा आहेत. त्यांची वही कव्हर फाटलेली, शाई उडालेली. तबलिगवाले म्हणतात हे आपले नव्हे, दुसरे म्हणतात हे आपले नव्हे, आणि आजोबा दरसाल पंजांच्या सवारीपुढे उभे राहून म्हणतात.

गेल्या मोहरमला भाच्याने त्यांचा आवाज फोनमध्ये धरून घेतला. तासाभराचे निघाले. त्यातली चाळीस मिनिटे बरी आहेत, बाकीच्यात ताशाच जास्त. वही उतरवून घ्यायचे काम आम्ही दोघांनी सुरू केले आहे. काही शब्द लागत नाहीत, आजोबांनाही सांगता येत नाहीत.

यंदाच्या संदलबाबत आम्ही पंच कमिटीकडे लेखी विरोध दिला आहे. डीजे आधीच ठरला आहे, आगाऊ रक्कमही गेली आहे असे कळते.