अपघात विभागाच्या दाराशी

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला प्रतवारी हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कापसाचा धागा, हळकुंडाचा रंग, गुळाची ढेप यांची पारख हाती घेताच करणारी माणसे आपल्या कुटुंबांतून होऊन गेली आहेत. रुग्णालयाच्या अपघात विभागात अहोरात्र जे काम चालते त्याचे नावही याच व्यवहारातले आहे, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. ‘ट्रायेज’ हा शब्द ‘निवडणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून बनला. अठराव्या शतकात इंग्रजीत तो लोकरीच्या आणि पुढे कॉफीच्या बियांच्या प्रतवारीसाठी वापरला जाई. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दोमिनिक लारे यांनी जखमींचा हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्यानुसार उपचारांचा क्रम लावण्याची पद्धत रूढ केली. कालांतराने युद्धवैद्यकातून हा बाजारातला शब्द रुग्णालयात आला.

आज ही प्रतवारी अनेक रुग्णालयांत परिचारिका करते. रुग्ण दाराशी आला की तिच्या हाती एखाद-दुसरे मिनिट असते. श्वासमार्ग मोकळा आहे का, श्वास कसा चालला आहे, नाडी लागते का, माणूस शुद्धीवर आहे का, हे ती प्रथम पाहते. मग बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, साखरेसाठी रक्ताचा एक थेंब. त्यावरून रुग्णाला लाल, पिवळा किंवा हिरवा वर्ग मिळतो. लाल म्हणजे तत्काळ, पिवळा म्हणजे लवकर, हिरवा म्हणजे थांबू शकेल असा.

येथेच नातेवाइकांशी पहिला खटका उडतो. पेढीवर आधी आलेल्या गिऱ्हाइकाला आधी माल मिळतो आणि जुन्या गिऱ्हाइकाला बसायला गादी मिळते. अपघात विभागात हे दोन्ही नियम चालत नाहीत. भुवईला खोक पडून रक्ताने माखलेला, मोठ्याने ओरडणारा मुलगा बाकावर बसवला जातो आणि त्याच्या मागून आलेला, घामाने भिजलेला, गप्प म्हातारा आत नेला जातो. मुलाच्या वडिलांना हा उघड अन्याय वाटतो. वास्तविक ओरडणाऱ्याचा श्वासमार्ग मोकळा आहे हे त्याच्या ओरडण्यावरूनच कळते. परिचारिकेला धास्ती असते ती गप्प पडलेल्या माणसाची. हे समजावून सांगण्यास तिला त्या घटकेला सवड नसते, आणि तेवढ्यात कोणी तरी एखाद्या विश्वस्ताला फोन लावून तो तिच्या कानाशी धरतो. ही आपल्याकडची जुनी खोड आहे आणि ती आपणच सोडायला हवी.

छातीत दुखते म्हणून आलेल्या रुग्णाचा हृदयालेख, म्हणजे ईसीजी, दहा मिनिटांच्या आत काढावा असा वैद्यकीय दंडक आहे. तो पाळण्याची धावपळ परिचारिकेची असते. रुग्ण मात्र बहुधा दुकान बंद करून, हिशेब जुळवून, ‘पित्त झाले असेल’ म्हणत दोन-तीन तास उशिरा आलेला असतो. मधुमेही माणसाच्या छातीत दुखतेच असेही नाही; नुसता दम लागतो, घाम सुटतो, मळमळते. पक्षाघाताच्या बाबतीत तिचा पहिला प्रश्न असतो, ‘हे शेवटचे ठीक कधी होते?’ रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि ती घटका ठीक दिसल्यापासून मोजतात. रात्री दहाला चांगले झोपलेले काका सकाळी सहाला लुळे आढळले, तर आठ तास गेले असे धरावे लागते. अशा वेळी पाच जणांनी पाच वेळा सांगण्यापेक्षा एकाने नेमकी वेळ सांगणे मोलाचे. चालू औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून नेल्या तर त्याहून उत्तम. आणि उपवास चालू असेल, चौविहार असेल, तर तेही न संकोचता सांगावे. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेऊन उपाशी राहिलेल्या माणसाची साखर उतरून तो बेशुद्ध होतो. कारण लवकर कळले तर शिरेतून दिलेल्या ग्लुकोजने बहुतेकदा काही मिनिटांत डोळे उघडतो.

हृदयक्रिया बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाबावी लागते. हे काम इतके थकवणारे आहे की दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदलावा, असा नियमच आहे. दाबणाऱ्यांत परिचारिका असते, अ‍ॅड्रिनॅलिनची मात्रा भरून देणारी परिचारिकाच असते आणि कोणते औषध कितव्या मिनिटाला गेले हे लिहून ठेवणारीही तीच. आणीबाणीच्या औषधांची ढकलगाडी प्रत्येक पाळीच्या आरंभी कुपी न् कुपी मोजून तपासलेली असते. ती मोजदाद कोणा नातेवाइकाच्या दृष्टीस पडत नाही. आणि माणूस गेला, तरी थोड्याच वेळात तिला शेजारच्या खाटेवरील तापाच्या बाळापाशी शांत चेहऱ्याने उभे राहावे लागते. रडायचे तर घरी जाऊन. आमच्या मते या पेशातले सर्वांत अवघड काम हेच आहे, आणि त्याचा उल्लेख कोणत्याही कामाच्या यादीत नसतो.

मृत्यूची वार्ता ऐकताच हात उगारणारे लोकही तिला भेटतात. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. त्यात परिचारिकांचाही समावेश असून हा अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु रात्री दोन वाजता वीस-पंचवीस जणांच्या घोळक्यासमोर कायद्याचे कलम कितीसे उपयोगी पडणार? रुग्णासोबत एक-दोन जणांनीच आत यावे, या साध्या नियमाने याहून अधिक संरक्षण मिळते. तो नियम मोडण्यात आपली मोठी एकत्र कुटुंबे फारशी मागे नाहीत.

आता वेतनाविषयी. आपल्या समाजातील अनेक मंडळी धर्मादाय रुग्णालयांची विश्वस्त आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानुसार केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली, की दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात शासकीय परिचारिकेइतके वेतन असावे, शंभराहून अधिक खाटा असल्यास ते दहा टक्क्यांहून अधिक कमी नसावे, पन्नास ते शंभर खाटांसाठी ही तफावत पंचवीस टक्क्यांपर्यंत चालेल आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी दरमहा वीस हजारांखाली जाऊ नये. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. आपल्या संस्थेच्या पगारपत्रकात हा आकडा काय आहे, हे किती विश्वस्तांनी पाहिले असेल? यंत्रासाठी, दालनासाठी, प्रवेशद्वारासाठी देणगीदार मिळतो, कारण तेथे संगमरवरी पाटी लावता येते. रात्रपाळीला आणखी एक परिचारिका नेमण्यासाठी देणगी आल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातीलच एका सफाई कामगाराने अत्याचार केला, तो त्या कपडे बदलण्यासाठी तळघरात गेल्या असताना. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, सुमारे साडेएक्केचाळीस वर्षे, त्या त्याच रुग्णालयात अचेतन अवस्थेत होत्या. त्यांचे सारे त्यांच्या सहकारी परिचारिकांनी आणि मागून आलेल्या पिढ्यांनी केले. अंथरुणाला खिळलेल्या त्या देहाला शय्याव्रण होऊ दिले नाहीत. आज आपल्या गावातील रुग्णालयात परिचारिकांना कपडे बदलण्यासाठी आतून कडी लागणारी, उजेडाची, वर्दळीच्या भागातली खोली आहे का, हे पाहण्यास विश्वस्तांना अर्धा तास पुरेल. नसेल, तर तिचा खर्च एका सोनोग्राफी यंत्राच्या मानाने अगदी किरकोळ आहे. तिच्या दारावर कोणाच्या नावाची पाटी लावायची, तेवढे पुढच्या बैठकीत ठरवावे.